विहिरीच्या तळाशी सापडलेला डोंगर

गेल्या एप्रिलात आमच्या शेजारच्या अण्णांनी परसात विहीर खणायला घेतली. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एप्रिल-मे म्हणजे पाण्याची वाट बघण्याचे दिवस. मी भूगोल शिकवतो, सुट्टी लागलेली होती, त्यामुळे रोज सकाळी चहा झाला की तिथे जाऊन उभा राहायचो. वर हातभर तांबडी माती निघाली. मग कातळ लागला, पहार मारली की ठण्ण वाजणारा. कातळाच्या खाली चिऱ्याचा जांभा, मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा, भोकांत पिवळी माती गच्च भरलेली. तीन पुरुष खोल गेल्यावर जांभा संपला आणि पांढरट-गुलाबी चिकट माती सुरू झाली. ती फावड्याला अशी धरायची की दर खेपेला हाताने काढावी लागे. त्या मातीखाली एक चमत्कारिक थर आला. दिसायला दगड, अंगावर दगडासारखे पदर, पण बोटांनी दाबला की पीठ. आणि त्याच्याखाली शेवटी खरा दगड. करडा, किंचित हिरवट, कठीण.

घमेल्यातून वर आलेला त्याचा एक तुकडा अण्णांनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "मास्तर, वर सगळं तांबडं, आणि तळाला हा काळपट. हा दगड इथला नव्हे. कोणी आणून पुरला की काय?"

"अण्णा, मूळ इथला हाच. वरचं तांबडं ह्याच्यातूनच झालंय."

त्यांना ते पटलं नाही. उभ्या उभ्या दोन वाक्यांत पटण्यासारखं ते नाहीच. हा लेख त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घराच्या भिंती जांभ्याच्या आहेत अशा सगळ्यांसाठी.

तो तुकडा मी घरी आणला. धुतल्यावर त्याच्या अंगावर रेशमासारखी मंद चमक दिसली. नखाने कडेला खरवडलं तर पापुद्रा सुटतो, भिजून वाळलेल्या वहीची पानं सुटावीत तसा. भिंग लावून पाहिलं तर ते पापुद्रे सरळ नाहीत. त्यांना बारीक बारीक चुण्या पडल्या आहेत, घाईत नेसलेल्या लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. भूशास्त्रात ह्या दगडाला फायलाइट म्हणतात. चमक आहे ती अभ्रकाच्या अगदी सूक्ष्म कणांची. आणि हा दगड मुळात होता समुद्राच्या तळावरचा चिखल.

शाळेत आपण खडकांचे तीन प्रकार पाठ केलेले असतात. तापून वितळलेला रस थंड झाला की अग्निजन्य, गाळ थरावर थर साचून घट्ट झाला की गाळाचा, आणि ह्या दोन्हींपैकी कोणताही खडक जमिनीच्या पोटात दाबला-तापवला गेला की रूपांतरित. पाठ करताना हे तीन वेगळे कप्पे वाटतात. प्रत्यक्षात तो एकाच दगडाचा प्रवास असतो. अण्णांच्या विहिरीतला तुकडा आधी कुठल्या तरी अग्निजन्य डोंगराची झीज होता, मग समुद्रतळाचा चिखल झाला, मग गाळाचा खडक, आणि मग खोल जाऊन दाबाखाली, तीन-चारशे अंश उष्णतेत, वितळल्याशिवाय आतून बदलला. चिकणमातीचे अभ्रक झाले. दाब एका बाजूने जास्त होता म्हणून अभ्रकाची पानं सगळी एका दिशेने आडवी झाली, आणि पुढे पुन्हा रेटा बसला तेव्हा त्यांना चुण्या पडल्या.

जमिनीत दर किलोमीटर खोलीला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. म्हणजे तीन-चारशे अंशांसाठी हा चिखल दहा-बारा किलोमीटर खाली गेला असला पाहिजे. समुद्रतळावरचा चिखल इतका खोल नेला कोणी? आणि तिथून वर अण्णांच्या परसापर्यंत आणला कोणी?

त्यासाठी थोडं खाली जावं लागेल. पृथ्वीच्या पृष्ठापासून केंद्रापर्यंतचं अंतर ६,३७१ किलोमीटर. त्यात ज्याला आपण भूकवच म्हणतो ते खंडांखाली सरासरी ३०-४० किलोमीटर आणि महासागरांखाली फक्त सात-आठ किलोमीटर जाड आहे. त्याखाली २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. प्रावरण म्हणजे उकळता लाव्हा असा बऱ्याच जणांचा समज आहे, माझ्या वर्गातही दरवर्षी निम्म्या मुलांचा असतो. तसं नाही. प्रावरण दगडच आहे, घट्ट दगड. पण तो वाहतो. डांबराचा गोळा घ्या. हातोडा मारला तर त्याचे तुकडे उडतात, आणि तोच गोळा पिंपाच्या झाकणावर उन्हात ठेवून विसरलात तर काही दिवसांनी पसरून सपाट झालेला दिसतो. झटक्याला घन, सावकाशीला प्रवाही. प्रावरणाचा दगड असाच, फक्त त्याची सावकाशी लाखो वर्षांची.

चुलीवर पेज रटरटताना पाहिली असेल. तळाची तापून वर येते, वरची निवून कडेने खाली जाते, आणि वर धरलेली साय फाटते, सरकते, एका बाजूला गोळा होते. पृथ्वीचं वरचं कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा निवलेला माथा मिळून साधारण १०० किलोमीटर जाडीच्या अशा साया बनल्या आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. सात मोठे आणि बरेच लहान.

पेजेच्या उदाहरणात एक गोष्ट मात्र राहून जाते. भूपट्ट केवळ खालच्या प्रवाहावर तरंगत जात नाहीत, ते स्वतःच्या वजनानेही ओढले जातात. दोरीवर टाकलेलं ओलं लुगडं एका बाजूला थोडं जास्त लोंबलं की ती बाजू उरलेल्या लुगड्याला ओढत नेते आणि बघता बघता सगळं खाली. महासागराचा तळ जुना होतो तसा निवतो, जड होतो, आणि कुठेतरी त्याची कड खाली प्रावरणात बुडू लागते. ती बुडती कड मागच्या अख्ख्या पट्टाला ओढते. भूपट्ट हलवणारा सर्वांत मोठा जोर हाच, असं आज मानलं जातं.

जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर याने १९१२ साली सांगितलं की खंड सरकतात. लोकांनी मानलं नाही, कारण सरकवतं कोण हे त्याला सांगता येत नव्हतं. १९३० साली तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी मारी थार्प या बाईंनी अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढताना महासागराच्या मधोमध जाणारी डोंगररांग आणि तिच्या माथ्यावरची भेग दाखवून दिली. त्या भेगेतून नवा तळ जन्मतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. आपल्या अरबी समुद्रातही अशी रांग आहे, कार्ल्सबर्ग रांग. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक तिच्यावर काम करत आले आहेत.

तर भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, एकमेकांवर आदळतात किंवा एकमेकांना घासून जातात. डोंगराच्या दृष्टीने आदळणं सर्वांत महत्त्वाचं. महासागराचा पट्ट खंडाला भिडला तर जड म्हणून तो खाली जातो, आणि जाताना त्याच्यावरचा गाळ, वाळू, चिखल काही वर खरवडला जातो, काही सोबत खाली ओढला जातो. अण्णांच्या चिखलाला खाली नेणारा रस्ता अशाच ठिकाणी उघडतो. पण खंडाला खंड भिडला तर दोन्ही हलके, बुडायला कोणी तयार नाही. मग चटई दोन्ही बाजूंनी रेटल्यावर मध्ये वळ्या याव्यात तसे खडकांचे थर वळतात, तुटतात, एकावर एक चढतात. कवच दुप्पट जाड होतं. भारताचं खंड सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडलं आणि हिमालय उभा राहू लागला. मधला टेथिस समुद्र मिटला, त्याचा तळ वर गेला. देव्हाऱ्यातला शाळिग्राम गंडकी नदीतून येतो. तो त्या समुद्रातल्या शंखवर्गीय प्राण्याचा दगड झालेला अवशेष आहे. एव्हरेस्टच्या माथ्याचा चुनखडकसुद्धा समुद्रातच साचलेला. समुद्राचा तळ ८,८४८ मीटर वर!

ही टक्कर संपलेली नाही. आपला भूपट्ट अजून वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. नखं वाढतात त्याच्यापेक्षा जरा जास्त. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हापासून आजपर्यंत मांडवी, झुआरी, मंगेशीचा दीपस्तंभ, पणजीची चर्च, सगळं जागच्या जागी धरून अख्खा गोवा तीन मीटरहून थोडा जास्त सरकला आहे. मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती आधी हसतात आणि मग पायांखाली बघतात.

आता आपल्या तळाच्या दगडाकडे. गोव्याच्या बहुतेक भागात मातीच्या आणि जांभ्याच्या खाली जे खडक आहेत ते हिमालयाहून कितीतरी जुने. आपल्या सीमेवर अनमोड घाटात पट्टेदार करडा-पांढरा दगड दिसतो, पट्टिताश्म, शास्त्रज्ञांचा नाईस. त्यातल्या काही दगडांचं वय सुमारे ३४० कोटी वर्षं भरलं आहे. त्याच्यावर नंतर लाव्हा वाहिले, समुद्र पसरला, गाळ साचला, आणि अडीचशे कोटी वर्षांहून आधी ते सगळं थर मोडून, वळवून, दाबून टाकलं गेलं.

एवढे आकडे डोक्यात बसत नाहीत. म्हणून मी वर्गात दशावतारी नाटकाची रात्र घेतो. रात्री दहाला गणपती आला, सकाळी सहाला दहीहंडी फुटली. ह्या आठ तासांत ३४० कोटी वर्षं बसवायची. दहाला अनमोडचा दगड जन्मला. बाराच्या सुमारास गोव्याचे थर वळून चुरगळून झालेले आहेत. मग रात्रभर झीज. पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मादागास्कर आपल्यापासून सुटतं. एक्कावन्नला दख्खनचा लाव्हा येतो. त्रेपन्नला भारत आशियाला भिडतो. आणि आपण माणसं? आपल्या जातीला तीन लाख वर्षं झाली म्हणतात, म्हणजे हंडी फुटण्याआधीचे अडीच सेकंद.

त्या मध्यरात्रीच्या उलथापालथीची खूण ओहोटीला दोनापावलाच्या खडकांवर बघायला मिळते. तिथला करडा खडक म्हणजे समुद्रात उतारावरून लोंढ्यासारखी घसरत गेलेली वाळू आणि चिखल, पुढे दाबून कठीण झालेला. गाळ साचतो तो आडवा. हे थर मात्र कललेले आहेत. कोणीतरी त्यांना रेटलंय.

दुसरी खूण आमच्या तालुक्यात घराघरात सापडेल. दारात दगड म्हणून, तुळशीला टेकण म्हणून लोखंडाचा पट्टेदार दगड ठेवलेला असतो. माझ्याकडे विटेएवढा एक आहे. उचलताना मनगट चुकतं इतका जड. त्यात एक पट्टा पोलादी काळा, एक तांबूस-पांढरा गारेचा, म्हणजे गारगोटीच्या जातीचा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा, काही तर सुरीच्या पात्याइतके बारीक. एका जागी हे सगळे पट्टे एकत्र वळून नागमोडी गेले आहेत. चिनीमातीच्या बशीच्या न रंगवलेल्या पाठीवर घासला की रक्तासारखी तांबडी रेघ उठते. हा दगड साचला तेव्हा हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं, मीठ असतं तसं. मग समुद्रातल्या सूक्ष्म जीवांनी उन्हाच्या बळावर प्राणवायू सोडायला सुरुवात केली. लोखंड गंजलं आणि तळाला बसलं. थर लोखंडाचा, थर गारेचा. साऱ्या जगातले लोखंडाचे मोठे साठे बहुतांशी असेच, त्याच काळातले. डिचोली, सांगे, केपे इथल्या खाणी ज्याच्यावर चालल्या, ज्याच्यामुळे पैसा आला, शेतात लाल पाणी शिरलं, आणि २०१२ साली ज्या बंद पडल्यावर कितीतरी घरांचं गणित कोलमडलं, ते खनिज म्हणजे एका जुन्या समुद्राचा गंज आहे. ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नव्हती. खाणीच्या गावात वाढूनही नव्हती सांगितली, याचं मला आजही वाईट वाटतं.

थर साचले आडवे आणि सापडतात चुरगळलेले. त्यात दहा-बारा किलोमीटर खोल गेल्याच्या खुणा. ह्याचा अर्थ एकच. मध्यरात्रीच्या त्या प्रहरी इथे टकरीतून उभी राहिलेली पर्वतरांग होती. तिची उंची किती, शिखरं कशी, हे कोणाला कळायचं नाही, कारण ती उरलीच नाही. अण्णांच्या विहिरीच्या तळाशी लागला तो तिच्या मुळाचा तुकडा.

मूळ वर कसं आलं? मांडवीतली बार्ज आठवा. खनिज भरून मुरगावकडे जाताना बार्ज काठापर्यंत पाण्यात असायची, आणि रिकामी होऊन परतताना तिचा लाल रंगवलेला पोटाचा भाग वर दिसायचा. डोंगर असाच प्रावरणावर तरंगतो. वर जेवढा उंच, त्याच्या कितीतरी पट खाली बुडालेला. १८५५ साली ह्याचा उलगडा झाला तोही आपल्या देशातल्या मोजणीमुळे. हिमालयाच्या ओढीने ओळंबा जितका कलायला हवा होता तितका कलत नव्हता. इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ एरी आणि कलकत्त्यात पाद्री प्रॅट, दोघांनी त्याचा अर्थ शोधला. डोंगराच्या वजनाची भरपाई खाली होत असते, कारण खालचा भाग हलका असतो. पाऊस आणि नद्या डोंगराचा माथा खरवडून नेतात तसा डोंगर हलका होतो आणि खालून वर येतो. पुन्हा झिजतो, पुन्हा वर. कोट्यवधी वर्षं हे चाललं की एके काळी दहा किलोमीटर खाली असलेला दगड उघड्यावर येतो. वरचं सगळं समुद्रात गेलेलं असतं.

इथे वाचणारा म्हणेल, डोंगर उरला नाही म्हणता, मग समोर सह्याद्री दिसतो तो काय?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ह्याच्यावर. सांखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढा. वळणावर वळणं घेत गाडी वर जाते, धुकं लागतं, कानांना दडे बसतात, आणि माथ्यावर आलो असं वाटतं. डोंगर असेल तर पलीकडे उतरायला हवं ना? उतार नाहीच. पुढे कणकुंबी, जांबोटी, बेळगाव, सगळं पठार. घाट चढला जातो, उतरला जात नाही. कारण सह्याद्री वळ्या पडून उभी राहिलेली रांग नाही, ती पठाराची तुटलेली कड आहे.

भारत, मादागास्कर, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका हे सगळे एके काळी एकत्र होते. त्या महाखंडाला गोंडवाना म्हणतात, आणि ते नाव आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं. (१९८१ च्या डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली, समुद्रशास्त्रज्ञ डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. जहाज कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्याकडे चाललं होतं. सडा-वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रावरून जाताना मला दर वेळी हे आठवतं.) तो महाखंड फाटत गेला. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी आपल्या पश्चिम कडेपासून मादागास्कर सुटलं. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खांबासारखे दगड त्या फाटण्याच्या वेळच्या ज्वालामुखीचे आहेत. मग सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा गेला. मधे, ६.६ कोटी वर्षांच्या आसपास, दख्खनचा लाव्हा वाहिला. त्याचा पसारा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. बहुतेक महाराष्ट्र त्या काळ्या दगडावर बसलेला, आणि त्याचं दक्षिणेकडचं टोक सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात गोव्याला जेमतेम शिवतं.

पाव तोडला की तुटल्या बाजूची कड जराशी वर उचललेली राहते. खंड फाटतं तेव्हा त्याची कडही अशी उचलली जाते, आणि उतार आतल्या बाजूला, पूर्वेकडे पडतो. समुद्राकडच्या उभ्या बाजूवर मग नैऋत्य मान्सून तुटून पडतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, घाटमाथ्यावर त्याहून पुष्कळ जास्त. ओढे कडा खात खात मागे सरकतात. कडा मुळात बराच पश्चिमेला होता आणि झिजत झिजत आजच्या जागी आला असं मानतात. त्याने सोडलेली जागा म्हणजे आपलं गोवा-कोकण. दूधसागर ३१० मीटरवरून पडताना बघितला की लोक दूध बघतात. मी पाण्याच्या पायथ्याशी पडलेले धोंडे बघतो. कडा मागे सरकतोय त्याचा तो हिशेब.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिथून अरबी समुद्र आडव्या अंतराने जवळ, तरी मलप्रभेचं पाणी पूर्वेला जातं, कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात पोचतं. तिथेच जवळपास पडलेला दुसरा थेंब कळसा ओढ्यातून म्हादईत, म्हणजे वरच्या मांडवीत, येतो आणि पणजीच्या पुलाखालून जातो. कोणता थेंब कुठे जायचा हे सुटलेल्या खंडांनी आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं. तो उतार कालव्याने फिरवायचा की नाही यावर गोवा आणि कर्नाटकाचं भांडण लवादापर्यंत गेलं, २०१८ साली निवाडा झाला आणि भांडण तरीही मिटलेलं नाही. मी गोव्याचा आहे, माझं मन कुठे आहे हे सांगायला नको. म्हादईची बाजू मांडणाऱ्या आपल्या माणसांना ही कड कशी झाली ते ठाऊक असावं, एवढं मला कळकळीने वाटतं.

राहिला जांभा. हिमालयाला टक्कर लागते, सह्याद्रीला फाटणं लागतं, जांभ्याला फक्त पाऊस, ऊन आणि वेळ लागतो. धो-धो पाऊस आणि मग कडक उन्हाळा, हे चक्र लाखो वर्षं चाललं की पाणी खडकातलं चुना, सोडा, पोटॅश आणि बरीचशी गारसुद्धा विरघळवून नेतं. मागे राहतं ते न विरघळणारं लोखंड आणि अॅल्युमिनियम. लोखंड गंजून तांबडं होतं. अण्णांच्या विहिरीत वरून खाली जाताना आम्ही हेच उलट्या क्रमाने पाहिलं. तळाला मूळ खडक, त्यावर कुजलेला पण पदर शाबूत असलेला खडक, त्यावर लोखंड निघून गेल्याने पांढरट पडलेली माती, त्यावर लोखंड गोळा झालेला जांभा, सर्वांत वर उन्हाने टणक झालेला कातळ. लोखंडाच्या पट्टेदार दगडातली गार जिथे अशीच धुऊन गेली तिथे खनिज उरलं. खाणीही पावसाने तयार केल्या म्हणायच्या.

खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, कोयत्यानेही तासता येतो, आणि वाऱ्या-उन्हात ठेवला की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात हे पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून ह्या दगडाला लॅटेराइट नाव दिलं. आपल्या लोकांना ते आधीपासून माहीत होतं. हरवळ्याची लेणी जांभ्यात खोदलेली आहेत, उसगाळीमळला कुशावतीच्या काठी कातळावर बैल, हरणं आणि चक्रव्यूह कोरलेला आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझस चर्चची भिंत जांभ्याची आणि दर्शनी बाजूची नक्षी वसईहून आणलेल्या काळ्या दगडाची. पावसाचा दगड आणि लाव्ह्याचा दगड एका भिंतीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्या चर्चचा गिलावा काढून टाकला आणि तेव्हापासून भिंत पावसात झिजते आहे. जांभा पावसाने घडवलेला असला तरी त्याला उघडा ठेवला की पाऊसच त्याला खातो. जुन्या गवंड्यांना ते कळत होतं, म्हणून घराच्या पावळ्या रुंद ठेवायचे.

अण्णांच्या विहिरीला पाणी लागलं मेच्या दुसऱ्या आठवड्यात. जांभ्याच्या भोकांतून पावसाचं पाणी झिरपत खाली जातं, पांढऱ्या मातीवर अडतं, वाट मिळेल तिथून आणखी उतरतं आणि कठीण दगडाच्या भेगांत साठतं. म्हणून आपल्याकडे डोंगराच्या पायथ्याला झरी फुटतात, आणि म्हणूनच शेजारी खाण खोल गेली की विहिरी आटतात. त्या दिवशी कामगाराने तळातून हाक मारली. आम्ही वाकून पाहिलं तर करड्या दगडाच्या दोन पदरांमधून बोटाएवढी धार येत होती, एका चुणीच्या वळणावरून. अण्णांनी बादली खाली सोडवली, पहिलं पाणी वर घेतलं. गढूळ होतं. अर्ध्या तासाने निवळलं. बादलीच्या तळाशी चिमूटभर करडा गाळ बसलेला होता, बारीक, चमकणारा, आणि त्यांनी तो ओतून न देता बोटावर घेऊन मला दाखवला.